फोटोतलं माप आणि अंगावरचं माप

हात लांब करून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला की नाक मोठं आणि कान आत गेल्यासारखे दिसतात. यात नाकाचा काही दोष नाही. नाकाचं टोक मोबाइलपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान त्याच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे ४२ सेंटिमीटरवर असतात. कॅमेऱ्यात उमटणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठरतो. त्यामुळे या फोटोत कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठं पडतं. तोच मोबाइल दीड मीटर लांब ठेवा. आता अंतरं १५० आणि १६२ सेंटिमीटर झाली आणि फरक उरला ८ टक्के. आपल्याच सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया करून मागणारे लोक वाढू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी आणि संगणकतज्ज्ञांनी हेच गणित नीट मांडलं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त दिसते आणि पाच फुटांवरून हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

कोल्हापुरात आज कितीतरी मुलं-मुली आपल्या पेहरावाचे फोटो आणि रील नेमाने टाकतात. महाद्वार रोडवरून घेतलेली साडी, गुजरीतून घडवलेला साज, चप्पल लाईनमधली नवी कोल्हापुरी, सगळं हौसेनं दाखवतात. ‘मी आहे तशीच दिसते’ हे सांगण्याची ओढही त्यात असते आणि ती ओढ चांगली आहे. अडचण एवढीच की फोटो हे मोजमाप आहे आणि प्रत्येक मोजमापाच्या साधनात त्रुटी असते. ती त्रुटी माहीत नसली की साधनाचा दोष सरळ शरीराच्या माथी मारला जातो. कंबर जाड, पाय आखूड, नाक बेढब, असे निकाल रोज शेकड्यांनी लागतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

चेहऱ्यापेक्षा पूर्ण उंचीच्या फोटोत घोळ जास्त होतो. नेहमीची पद्धत बघा. मैत्रीण दीड मीटरवर उभी राहते, मोबाइल आपल्या डोळ्यांसमोर धरते आणि पूर्ण माणूस मावावं म्हणून तो थोडा खाली झुकवते. मोबाइल १५० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि तो समोरच्या व्यक्तीच्या पोटाकडे, म्हणजे ८० सेंटिमीटर उंचीकडे रोखलाय असं धरलं, तर झुकाव साधारण २५ अंशांचा होतो. या स्थितीत पावलांच्या तुलनेत चेहरा जवळजवळ दीडपट मोठ्या प्रमाणात उमटतो. डोकं मोठं, खांदे रुंद, पाय आखूड. नऊवारीत हे फार खटकतं, कारण ओचा आणि काष्टा यांची सगळी शोभा कमरेखाली असते आणि नेमका तोच भाग आक्रसतो. मैत्रीण मागे सरकून चार मीटरवर गेली आणि बाकी काही बदललं नाही, तरी हा फरक ७ टक्क्यांवर येतो. मोबाइल कमरेच्या उंचीवर, अगदी उभा, न झुकवता धरला तर तो शून्य होतो.

दीड मीटरच का निवडलं जातं, त्यालाही कारण आहे. मोबाइलच्या मुख्य लेन्सचा कोन इतका रुंद असतो की दीड मीटरवरून सुमारे दोन मीटर उंचीची चौकट मिळते. त्यात माणूस अगदी फिट्ट बसतो. चार मीटरवरून हीच चौकट पाच मीटरांच्या वर जाते, माणूस लहान दिसतो आणि मैत्रीण आपसूक पुढे सरकते. इथं पुढे सरकू नका, दुप्पट झूम करा. झूमने प्रमाण बिघडत नाही. प्रमाण फक्त अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. ‘लेन्समुळे चेहरा वाकडा दिसतो’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर रुंद लेन्स आपल्याला जवळ जायला भाग पाडते आणि जवळ गेल्याने चेहरा बिघडतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोतून मधला भाग दुप्पट झूमने कापला तरी तीन मेगापिक्सेल उरतात आणि मोबाइलच्या पडद्यावर बघायला तेवढे पुरतात.

लेन्सचा स्वतःचा दोष आहे तो वेगळा, कडांचा. रुंद लेन्स चौकटीच्या कडेला येणारी वस्तू बाहेरच्या दिशेला ताणते. मुख्य लेन्समध्ये उभ्या चौकटीच्या अगदी तळाशी हा ताण वीस टक्क्यांच्या आसपास असतो, तर अतिरुंद, म्हणजे ०.५ असं लिहिलेल्या लेन्समध्ये तो सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. काही फोन तो सॉफ्टवेअरने थोडा कमी करतात, तरी पुरता जात नाही. पाय लांबसडक दाखवण्याची जी युक्ती सगळीकडे शिकवली जाते, ती हीच: मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, किंचित वर रोखलेला, पावलं चौकटीच्या तळाशी. ग्रुप फोटोत टोकाला उभं राहिलेलं माणूस रुंद दिसतं, तेही याच ताणामुळे.

एखादा अवयव पुढे आला तरी हिशेब बदलतो. चप्पल दिसावी म्हणून पाऊल ४० सेंटिमीटर पुढे टाकलं, तर दीड मीटरवरून ते मागच्या पावलापेक्षा ३६ टक्के मोठं दिसतं. चार मीटरवरून हाच फरक ११ टक्के. चपलेचा फोटो बघून माप मागवणारी गिऱ्हाइकं यात फसतात, म्हणून विक्रीसाठी फोटो काढणाऱ्यांनी चपलेशेजारी पट्टी ठेवावी.

तर जसा पेहराव आहे तसा फोटो हवा असेल तर एवढं करा. साडेतीन ते चार मीटर अंतर ठेवा, मोठी पाच-सहा पावलं पुरतात. मोबाइल ट्रायपॉडवर किंवा कट्ट्यावर ठेवा, उंची ज्याचा फोटो आहे त्याच्या बेंबीच्या आसपास. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाळीच्या रेषा चालू करा आणि मागची भिंत किंवा खांब उभ्या रेषेशी समांतर आहे का ते बघा. रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकत असतील तर मोबाइल वर रोखलेला आहे. दुप्पट झूम, दहा सेकंदांचा टायमर. पावलं आणि डोकं दोन्ही कडांपासून चौकटीच्या निदान दहाव्या हिश्शाइतकं आत असू द्या. महाद्वार रोडवर दुकानं उघडल्यावर चार मीटर मोकळी जागा मिळणं कठीण, तिथं फोटो घ्यायचा तर सकाळी लवकर जायला हवं. रंकाळ्याचा काठ किंवा पंचगंगेचा घाट यासाठी जास्त सोयीचा.

घाटाचा आणखी एक उपयोग आहे. त्याच्या दगडी पायऱ्यांच्या कडा सरळ आहेत. कंबर बारीक करणारी ॲप्स फोटोतले बिंदू आत ओढतात आणि कमरेसोबत मागची पार्श्वभूमीही ओढली जाते. कमरेजवळ पायरीची कड वाकलेली दिसली, दाराची चौकट पोटाशी आत आली, जमिनीवरच्या फरश्या एका बाजूला लांबट झाल्या, तर तिथं हात लागलेला आहे. व्हिडिओत ही खूण पकडायला आणखी सोपी. हात कमरेसमोरून नेला की क्षणभर काठ थरथरतो, कारण सॉफ्टवेअरला हात कुठला आणि कंबर कुठली हे लगेच उमगत नाही. हे तपासणं शाळकरी मुलांना जरूर शिकवावं. पण त्याने काय साधतं आणि काय साधत नाही, ते पुढे येईलच.

आता आरसा. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, आरशातल्या प्रतिमेच्या मात्र तो उजव्या खांद्यावर दिसतो. समोरचा कॅमेराही पडद्यावर आरशासारखंच उलटं चित्र दाखवतो, आणि बऱ्याच फोनमध्ये फोटो जतन होताना ते सुलटं होतं. त्या क्षणी ‘ही मी नाही’ असं वाटतं. भांग दुसरीकडे, हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा दुसरीकडे. १९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी याचाच प्रयोग केला. एकाच फोटोच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या तर माणसांना स्वतःची आरशातली प्रत जास्त आवडली आणि त्यांच्या जवळच्या लोकांना सुलट प्रत. जे रोज दिसतं ते आवडू लागतं, एवढीच त्यामागची गोष्ट. तुम्हाला विचित्र वाटणारा तुमचा फोटो तुमच्या आईला अगदी तुमच्यासारखा वाटतो, आणि तिचं बरोबर असतं.

कपड्यांच्या दुकानातला आरसाही बघून घ्यावा. भिंतीला टेकवलेला, माथा मागे झुकलेला आरसा असेल तर प्रतिमेचं डोकं लांब जातं आणि पाय जवळ येतात, म्हणून तिथं आपण उंच दिसतो. घरी आल्यावर तोच ड्रेस तसा बसत नाही याचं अर्धं कारण इथं सापडतं. बाकी अर्धं डोक्यावरच्या दिव्यात.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम करड्या रंगाइतका धरून चालतो. पांढरा शर्ट आणि पांढरा फेटा असेल तर चेहरा काळवंडतो, संक्रांतीची काळी चंद्रकळा असेल तर चेहरा असायचा त्याहून उजळ येतो. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड ठरवावा आणि बाजूच्या पट्टीने थोडा कमी-जास्त करावा. समोरच्या कॅमेऱ्यात ‘ब्युटी’ नावाची सोय अनेक फोनमध्ये न सांगता चालू असते. ती शून्यावर आणून एक फोटो आणि चालू ठेवून एक फोटो घेऊन बघा. त्वचेचा पोत आणि रंग किती बदलतो ते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कपड्यांविषयीच्या समजुतीही तपासण्यासारख्या आहेत. आडव्या रेघा जाड दाखवतात, हे घराघरांत सांगितलं जातं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच याच्या उलट नोंदवलं होतं: आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी कपडे घातलेल्या आकृत्या वापरून पाहिलं, तेव्हाही आडव्या रेघांनी माणूस जाड दिसत नाही असंच आढळलं. तेव्हा आडव्या पट्ट्यांचा कुर्ता आवडत असेल तर खुशाल घाला.

इथवर सगळं डोळ्यांबाहेरचं. खरी गुंतागुंत डोळ्यांमागे आहे.

सडपातळ शरीरांची चित्रं काही मिनिटं एकापाठोपाठ एक बघितली की त्यानंतर दिसणारं मध्यम शरीर रुंद भासतं. मेंदूची ‘साधारण’ची खूण सरकते. हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे आणि ते इच्छाशक्तीवर अवलंबून नाही. त्यावर तुलना चढते. आपण कुठं आहोत हे ठरवायला पट्टी नसेल तर माणूस दुसऱ्या माणसांकडे बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंजरने १९५४ मध्ये मांडलं. पूर्वी ही तुलना गल्लीतल्या, वर्गातल्या, लग्नाच्या मांडवातल्या लोकांशी व्हायची. आता ती जगभरातून निवडून, चार मीटर, दुप्पट झूम आणि संध्याकाळच्या उजेडात काढलेल्या शंभर फोटोंतल्या एका फोटोशी होते. आपल्या बाजूला मात्र हाताच्या अंतरावरची सेल्फी.

फिजी बेटांवरचा अभ्यास याबाबत बोलका आहे. तिथं भरलेल्या अंगाची माणसं चांगली मानली जात, आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात तशी. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींविषयी ठरावीक प्रश्न विचारले. धोक्याच्या पातळीवर गुण असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन उतरवायला मुद्दाम उलटी करणाऱ्या १९९५ मध्ये एकही नव्हत्या, १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळचे गट साठ-पासष्ट मुलींचे, म्हणजे लहान होते, आणि मुलीही वेगळ्या होत्या. तरी तीन वर्षांतला हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

फोटो बघणाऱ्यांबद्दल बरंच बोललं जातं, टाकणाऱ्यांबद्दल कमी. कॅनडात जेनिफर मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तरुणींचे तीन गट केले. एका गटाने सेल्फी काढून तशीच टाकली, दुसऱ्याने हवी तेवढी सुधारून टाकली, तिसऱ्याने काहीच टाकलं नाही. सेल्फी टाकणाऱ्यांची अस्वस्थता वाढली, आत्मविश्वास उतरला आणि स्वतःच्या दिसण्याबद्दलचं मत खाली आलं. सुधारायची मुभा दिल्यानेही ते वाचलं नाही. सुधारताना माणूस आपल्याच चेहऱ्यातले दोष शोधत बसतो, हे त्याचं सरळ स्पष्टीकरण.

मग फोटोवर ‘बदल केलेला आहे’ अशी चिठ्ठी लावली तर? फ्रान्सने ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातींसाठी तसा नियम केला, नॉर्वेने जुलै २०२२ पासून. नॉर्वेत पैसे घेऊन फोटो टाकणाऱ्या व्यक्तींनाही तो लागू आहे. बघणाऱ्याला सत्य कळावं म्हणून नियम योग्यच. पण ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगमन आणि इतरांच्या अनेक प्रयोगांत चिठ्ठी वाचल्यावरही तुलना थांबली नाही, मनाचं समाधान वाढलं नाही. वाकलेली पायरी ओळखता येणं चांगलं, पण ते पुरेसं संरक्षण नाही. डोळ्यांसमोरून काय जातं ते बदलणं जास्त उपयोगी पडतं. सर्व आकारांची शरीरं दाखवणारे फोटो बघून तरुणींचा मूड आणि समाधान सुधारल्याचं २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच एका प्रयोगात दिसलं. मात्र त्यातही एक मेख होती: अशा फोटोंनंतरसुद्धा स्वतःबद्दल सांगताना दिसण्याचाच उल्लेख जास्त होत होता. सुंदर म्हणायचं ते शरीर बदललं, पण लक्ष शरीरावरच राहिलं.

इथं कोल्हापूरच्या तालमीकडे बघावंसं वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात उतरणारा मल्ल अंगाने कसाही असो, त्याच्याबाबत विचार होतो तो दमाचा, डावाचा, पकडीचा. शरीर काय करतं ही ती नजर. जेसिका ॲलेवा आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये २०१५ साली हीच नजर उपाय म्हणून तपासली. आपलं शरीर काय काय करतं यावर पंधरा-पंधरा मिनिटांची तीन लेखनं करून घेतली: चालणं, पचवणं, बरं होणं, नाचणं, कुशीत घेणं. स्वतःच्या शरीराबद्दल नाराज असलेल्या तरुणींचं समाधान त्यानंतर वाढलं. खर्च शून्य, लागते फक्त वही. पण जिममध्ये आरशासमोर फोटोसाठी दंड फुगवणाऱ्या मुलांना तालमीची ही नजर आपोआप मिळत नाही. उलट कितीही कमावलं तरी आपण किरकोळच आहोत असं वाटत राहण्याच्या विकाराला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी १९९७ मध्ये वेगळं नाव दिलं, आणि तो प्रामुख्याने पुरुषांत दिसतो.

कपड्याच्या मापानेही मन दुखावतं, तेही विनाकारण. तयार कपड्यांवरच्या आकड्यांना भारतीय शरीरांचा आधारच नव्हता; ते बहुतेक परदेशी तक्त्यांवरून उचललेले. म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत, १५ ते ६५ वयोगटातल्या पंचवीस हजार लोकांची त्रिमितीय यंत्रांनी मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. एका कंपनीचा ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’इतका असू शकतो. पेहराव दाखवणाऱ्यांनी फोटोखाली छाती, कंबर, नितंब आणि उंची इंचांत लिहावी आणि घातलेला आकार लिहावा. शिंप्याची फीत छातीच्या सर्वांत भरल्या भागावरून, जमिनीशी समांतर, एक बोट सहज सरकेल इतकी सैल. आपली मापं जाहीर करायची नसतील तर कपड्याची सपाट पसरून घेतलेली मापं द्यावीत. वाचणारीला ‘मला हे बसेल का’ याचं उत्तर मिळतं आणि तुलनेऐवजी कामाची माहिती हाती पडते. आमच्या मते खरेपणाची सगळ्यात उपयोगी रीत हीच.

पैसे, भेटवस्तू किंवा फुकट साडी घेऊन फोटो टाकला असेल तर तो जाहिरात आहे, हे लिहावंच लागतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम जून २०२१ पासून आहेत: पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती खूण निदान तीन सेकंद दिसायला हवी, त्याहून मोठ्या, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. वस्तूचा गुण फुगवून दाखवणारा फिल्टर लावता येत नाही. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत केस चमकवणारा फिल्टर हे सरळ उदाहरण. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

काही वेळा मात्र अंतर, उंची, उजेड काहीही बदललं तरी फरक पडत नाही. एखाद्या अवयवाचा विचार दिवसाकाठी तासभर किंवा जास्त चालतो, आरसा पुन्हा पुन्हा बघितला जातो किंवा कटाक्षाने टाळला जातो, कॉलेज आणि लग्नकार्यं चुकवली जातात, जेवण टाकलं जातं. शरीराच्या प्रतिमेचा हा विकार शंभरात साधारण दोघांना होतो आणि तो उपचारांनी सुधारतो. ‘काही झालेलं नाही तुला, छान दिसतेस’ हे घरच्यांचं बोलणं प्रेमाचं असलं तरी त्याचा दिलासा काही मिनिटांपुरताच टिकतो आणि मग मुलगी तेच पुन्हा विचारते. त्याऐवजी दिवसातला किती वेळ यात जातो आणि त्यापायी काय काय सुटलं, एवढं आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. निदानाला फोटोंपेक्षा त्याचा उपयोग होतो. कोणाकडे जावं हे सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.